हुंकाराचे धनी

गणपतराव 'हं' म्हणत, आणि मगच माझी कथा पुढे सरकत असे. त्या एका अक्षरात त्यांचे इतके प्रकार होते की डोळे मिटूनही मला सभामंडपाची स्थिती कळे. आखूड, कोरडा 'हं' आला की समजावे, हे ठाऊक आहे, पुढे चला. शेवटी किंचित वर चढणारा 'हं' आला की त्यांना शंका आहे. आणि कधी छातीतून निघून सावकाश विरणारा 'हं' येई. तो आला की मीही क्षणभर थांबत असे, कारण त्या वेळी मंडपातल्या स्त्रिया पदराने डोळे टिपत असत.

आदिलाबादच्या कापूस बाजारामागे मारुतीचे देवालय आहे. तिथे चातुर्मासात रोज दुपारी चार वाजता मी कथा सांगत असे. माझ्या आधी वडील सांगत. आमच्या घराण्याची रीत अशी की वक्त्यासमोर एक हुंकार देणारा बसतो. प्रत्येक वाक्याअखेर त्याने हुंकार द्यायचा, तो मिळाल्यावर वक्त्याने पुढचे वाक्य उच्चारायचे. हुंकार थांबला की कथा थांबली. आणि ज्याच्या मौनाने ती थांबली, त्याच्याच हुंकाराने ती पुन्हा सुरू व्हायची. तो अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. पाठशाळेत मी व्याकरण शिकलो, न्याय शिकलो. पण वक्ता किती परतंत्र असतो हे मला शिकवले ते या रीतीने, आणि तिसाहून अधिक चातुर्मास माझ्यासमोर मांडी घालून बसलेल्या या माणसाने.

पोटासाठी ते बाजारात मापारी होते. गाव वांकिडीकडचे. कापसाची मोठी आवक दिवाळीनंतरची, त्यामुळे चातुर्मासात त्यांच्या दुपारी मोकळ्या असत. काट्यावरही त्यांचा एक नेम होता. मालाचा धनी समोर उभा असल्याशिवाय ते वजन करीत नसत. एकदा अडत्याने घाई केली, "अरे गणपत, शेतकरी चहा प्यायला गेलाय, तू टाक काट्यावर, मी आहे ना!" गणपतराव काट्याला पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "तुमी हाये, पण धनी हाजिर नाई जी. माप एकट्यानं होत नसते. एक टाकणारा लागते अन् एक पाहणारा." शेतकऱ्याचा चहा संपेपर्यंत सगळी रांग तिष्ठत राहिली. मला वाटते, देवळात बसताना ते तोच काटा सोबत आणत.

त्या काट्यावर एकदा मीही चढलो. लक्ष्मम्मा नावाची एक तेलुगूभाषक भाजीवाली रोज उशिरा येई. टोपली दाराशी ठेवून मागे टेकून बसे. तिला मराठी कितपत कळे कोण जाणे, पण यायची. एके दिवशी तिच्या टोपलीच्या आवाजाने माझी तंद्री मोडली, आणि मी कथेतल्या पात्राच्या मुखी वाक्य घातले, "काही लोक देवाच्या दारीही बाजाराला आल्यासारखे येतात." मंडप हसला. मी हुंकाराची वाट पाहिली. आला नाही. तेच वाक्य मी पुन्हा उच्चारले. गणपतराव भिंतीकडे पाहत होते.

"काय झाले, गणपतराव?"

"हे वाक्य गोष्टीतलं नाई, गुरुजी. वापस घ्या."

चारचौघांत मला असे कुणी बोलले नव्हते. कानशिले तापली. पण कथा त्यांच्यापाशी अडली होती आणि मंडपात सारे माझ्याकडे पाहत होते. "घेतले," असे मी म्हणालो. लगेच आखूड, कोरडा 'हं' आला, जणू काही घडलेच नव्हते. बाहेर पडताना ते हळूच म्हणाले, "राग नका धरू जी. तुमची जीभ म्हणजे वाहती नदी, कुठं तरी बांध पायजे." त्या दिवसानंतर लक्ष्मम्माची टोपली वाजली की मी स्वतःच थांबत असे.

कथांमध्ये त्यांची लाडकी एकच, नावाड्याची. वडिलांकडून मला मिळालेली. एका नावाड्याचे व्रत होते की तीरावरून आलेली हाक कधी टाकायची नाही. एकदा महापुरात त्याची नाव मध्यधारेत असताना दोन्ही तीरांवरून एकाच वेळी हाका येतात. या जागी गणपतराव तो दीर्घ हुंकार देत. पुढे काय होते हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते, तरी दरवर्षी त्यांचा जीव तिथे खरोखर अडकत असे. मी एकदा विचारले, "शेवट माहीत असून इतके कासावीस का होता?" ते म्हणाले, "मले माहीत हाये, पण नावाड्याले कुठं माहीत हाये?"

मग टाळेबंदी आली. मंडपाला कुलूप लागले. माझा मुलगा श्रीकांत हैदराबादेहून घरी आला होता. संगणकावर काम करी. चातुर्मास कथेविना जाणार म्हणून मी खिन्न होतो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, मी फोनवर घेतो. घरोघरी पोचेल." मी होकार दिला. कथा बंद पडू नये, एवढाच माझा हेतू होता, आणि तो हेतू आजही मला अशुद्ध वाटत नाही. देवळाच्या समितीची अनुमती काढून आम्ही रिकाम्या मंडपात बसलो. गणपतराव तोंडाला उपरणे बांधून, दूर अंतरावर, पण समोरच बसले. पहिल्या काही कथा तशाच गेल्या. मंचेरियलपासून पुण्यापर्यंतची माणसे ऐकू लागली. ज्यांना मी त्यांच्या बालपणी पाहिले होते ती परदेशातून नमस्कार लिहू लागली. मला आनंद झाला, हे नाकारत नाही.

त्या नमस्कारांमध्येच दुसरे लेखनही येऊ लागले. 'मागचा माणूस सारखा हं हं करतो, लक्ष विचलित होते.' 'त्या काकांना गप्प करा.' श्रीकांतने मला ते वाचून दाखवले नाही. तो सरळ गणपतरावांकडे गेला आणि अतिशय आदराने म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाहेर बसाल का? आवाज यात फार मोठा येतो."

गणपतरावांनी माझ्याकडे पाहिले. मी पोथीचे रेशमी वस्त्र सोडत होतो. ते मी पुष्कळ वेळ सोडत राहिलो.

ते उठले आणि बाहेर, चपला काढतात त्या पायरीवर जाऊन बसले. तिथूनही प्रत्येक वाक्याला हुंकार येई, अगदी हलका, शिष्टाचार म्हणून खोकावे तसा. यंत्राने तोही पकडला. चौथ्या दिवशी पायरी रिकामी होती. बाजारातल्या हमालाने सांगितले, मापारी गावी गेला, आता तिकडेच राहणार.

देवळासमोरच्या रस्त्याचा गोंगाट नको म्हणून पुढे आम्ही घरातली मागची खोली धरली. खिडक्या बंद, पंखा बंद, पाठीमागे भगवे वस्त्र, समोर गोल दिवा आणि त्याच्या मधोमध फोनचा तो काळा डोळा. मंगलाचरण लांबते म्हणून ते गाळले. श्रीकांत म्हणे, "बाबा, सुरुवातीलाच शेवटाची थोडी चुणूक द्या, नाहीतर लोक बोटाने पुढे ढकलतात." वाक्यानंतर थांबण्याची माझी सवय जाईना, तो ती विश्रांती कापून टाकी. मंडप पुढे उघडला, पण तिथे आता पाचसात वृद्धा येत. बाकीचे वाटेत भेटले की म्हणत, "गुरुजी, आम्ही फोनवर ऐकतो ना!" मी घामाघूम होऊन त्या खोलीत बसे आणि मला माझाच आवाज भिंतीवरून परत ऐकू येई. तिथून उठण्याची वाट दिसत नव्हती, कारण वाट बंद करणारे सारे माझ्यावर प्रेम करणारेच होते.

मागच्या श्रावणात कळले की गणपतरावांना अर्धांगवायू झाला. मी बसने त्यांच्या गावी गेलो. अंगणात शिरतो तो आतून माझाच आवाज आला. एक वाक्य, मग शांतता, मग 'हं', मग पुढचे वाक्य. मी उंबऱ्याशीच उभा राहिलो. खाटेवर गणपतराव, उजवी बाजू निकामी. शेजारी त्यांची सून सुमन फोन धरून. मला पाहून ती लगबगीने उठली.

"गुरुजी! या जी, बसा. मामाजींले तुमची गोष्ट ऐकवून राह्यली होती."

"मधे मधे थांबते कशी?"

ती लाजली. "मीच थांबवते बोटानं. ते हुंकार देतात, मंग सोडते. तुमी थांबत नाई ना त्याच्यात. पहिले मामाजी मागं राहून जायचे, मंग चिडायचे. म्हणायचे, गुरुजी गोष्ट सांगून राह्यले का पळून राह्यले?"

खाटेवरून वाकड्या झालेल्या ओठांतून हसू आले. बोलणे जड होते, पण कळत होते. "अर्धा दिवस जाते एका गोष्टीले," ते म्हणाले. "पोरीचं काम खोळंबते."

मी म्हणालो, "फोन ठेव, सुमन. आज मी सांगतो." आणि नावाड्याची कथा आरंभली. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. पहिला हुंकार आला आणि माझ्या डोळ्यांना पाणी आले. पण चारपाच वाक्यांनंतर काय झाले ते मला उमगले नाही. नाव मध्यधारेत आली, दोन्ही तीरांवरून हाका आल्या, आणि मी पुढे काहीतरी बोलत होतो. मग ध्यानात आले की खोलीत फक्त माझा आवाज आहे. मी थांबलो. गणपतराव भिंतीकडे पाहत होते.

"गणपतराव, कुठे चुकलो?"

"तुमी थांबलेच नाई," ते म्हणाले. रागाने नव्हे, कापूस ओला आहे हे शेतकऱ्याला सांगावे तसे. "नजरही माह्यावर नाई. त्या कोपऱ्यात पाहून सांगून राह्यले. तिथं कोण हाये?"

कोपऱ्यात कुणी नव्हते. तिथे फक्त, माझ्या खोलीत जिथे तो काळा डोळा असतो, तितक्या उंचीवर एक खुंटी होती.

मी म्हणालो, "पुन्हा सांगतो." त्यांनी मान हलवली. "आज दमलो जी. उद्या या. सुमन भाकर टाकेल, इथंच राहा. उद्या नाव सोडू."

उद्या चार वाजता श्रीकांतने थेट कथा जाहीर केली होती. हजारो माणसे वेळ लावून बसणार होती. त्यांतल्या एकाचेही नाव मला सांगता आले नसते. मी म्हणालो, "उद्या नाही जमणार. सोमवारी येतो." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि किंचित वर चढणारा 'हं' दिला. शंकेचा.

रविवारी सुमनचा फोन आला.

दिवसकार्याला मी गेलो. सुमनने विचारले, "गुरुजी, ती गोष्ट राहूनच गेली ना?" मी मान हलवली. तिला रीत ठाऊक होती; दुसरे काही न विचारता तिने मला पाणी दिले.

पुढे श्रोत्यांनी नावाड्याच्या कथेची मागणी केली तेव्हा मी त्या काळ्या डोळ्यासमोर सारे खरे सांगून टाकले: ती कथा कुठे अडली, कुणामुळे अडली आणि ती मला का सांगता येत नाही. पायरीवर बसवलेल्या माणसाचेही सांगितले. सायंकाळी श्रीकांत धावत आला. त्याचे डोळे ओलावले होते. "बाबा, हे बघा." पडद्यावर खाली, एकाखाली एक, माणसांनी 'हं' लिहिले होते. तो बोटाने सरकवत होता आणि ते संपत नव्हते. "सगळे हुंकार देताहेत, बाबा. आता तरी सांगा."

ती माणसे मनापासून लिहीत होती, यात मला संदेह नाही. त्यांना मी हात जोडले. पण मी श्रीकांतला विचारले, "यांच्यापैकी एखाद्याला माझे वाक्य पटले नाही, तर तो मला थांबवणार कसा?"

तो म्हणाला, "तो निघून जाईल, बाबा."

"आणि मला कळेल?"

फोन खाली ठेवून, मी न सांगता, त्याने खोलीची खिडकी उघडली. बाहेरचा गलका आत आला. दुसऱ्या दिवशी चारपूर्वी ती पुन्हा लावून घ्यावी लागली.

आता मी इतर कथा सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर थांबतो. श्रीकांत ती विश्रांती अजूनही कापतो, पण सगळी कापत नाही. नावाड्याचे काय झाले हे मला ठाऊक आहे. वडिलांनी सांगितले तसे, शब्दशः. ते ज्याच्या हुंकाराने सांगायचे तो माझी वाट पाहून गेला. नाव मध्यधारेत आहे. दोन्ही तीरांवरून हाका येत आहेत. नावाड्याच्या हातात वल्हे आहे, आणि मी वाक्य संपवून थांबलो आहे.