गोड्या पाण्याजवळचे खड्डे

आमच्या घरात सही करता येणारा पहिला माणूस मीच. मी एका परदेशी पुढाऱ्याबद्दल लिहावे हा आगाऊपणा वाटेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण त्यांच्यावर आमच्या गावाने घेतलेला संशय मी जवळून पाहिला आहे, आणि तो मलाही शिवला होता. म्हणून लिहायचे धाडस करतो.

ते ऑस्ट्रेलियाचे. मी अकोल्याच्या शेती कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना ते माती शिकवायला पाहुणे म्हणून आले. आमचे गाव दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गायरानात, निलगिरी लावायची योजना सरकारने आणली होती. झाड साहेबांच्याच देशातले, म्हणून जागा पाहायला त्यांना पाठवले आणि बोली समजावून द्यायला सोबत मला.

गायरानातून नाला जातो. सगळ्या शिवारात गोडे पाणी काय ते त्याच्याच काठाला. वरच्या अंगाला पाटलांची विहीर. खालच्या अंगाला आमच्या बौद्ध वस्तीचा झिरा, म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यात पाणी पाझरायचे आणि माय ते वाटीने घागरीत भरायची.

साहेबांनी काठाने खड्डे खणायला घेतले. तळाची माती बोटावर घ्यायची, जिभेला लावायची, थुंकायची आणि पुढे जायचे. खार कुठवर आला आहे, हे ते पाहत होते. पण आमच्याकडे कोणी गायरानात खणून माती चाखू लागला, तर त्याचा अर्थ एकच. मोगलाईत कोणी तरी सोन्याचा हंडा तिथे पुरला होता, हे प्रत्येक घरात ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी एका खड्ड्यात कापलेले लिंबू आणि कुंकू सापडले. तिसऱ्या दिवशी दोघे जण बकऱ्या नसताना बकऱ्या राखत बसले होते.

मायनेही मला धरले. “तो माती खाऊन काहून पायते? तू त्याच्यासंगं असतं, तुले तं सांगत असन.”

पाणी पाहतात, म्हणालो.

“पाणी तं वरतीच हाय. खाली काय पायते?”

परतताना एस.टी.त साहेबांनी मला सांगितले की मायदेशी गेल्यावर ते राज्याच्या निवडणुकीला उभे राहणार आहेत. त्यांच्या गावामागचे जुने जंगल लाकूडगिरण्यांसाठी तोडत होते, ते थांबवायचे होते. मी मान डोलावली, पण खरे वाटले नाही. निवडणुकीला उभे राहणारे मी पाहिले होते. ते जीपमधून येत, गळ्यात हार असत. या माणसाच्या नखांत माती होती आणि पिशवीत कांदा-भाकर. हा काही तरी लपवतो आहे, असेच मला वाटले.

नंतर योजनेचा ठराव करायला चावडीवर सभा झाली. योजनेच्या अधिकाऱ्याने निलगिरीचे फायदे सांगितले. मग साहेब उठले आणि त्यांचे म्हणणे मी मराठीत सांगितले: हे झाड फार पाणी ओढते, इथे लावू नका. गोडे पाणी खाली जाईल आणि आधी खालचा झिरा आटेल.

पाटील हसले. “काबे, आपल्याच दुकानातल्या मालाले कोणी खराब म्हणते काय? याले दुसरंच काई पाह्यजे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अन् झिऱ्याचं तो बोलला का तू? तुह्या मायचा झिरा हाय तिथं.”

लोक हसले. साहेबांनी काय झाले म्हणून विचारले. गावची थट्टा आहे, एवढेच मी सांगितले. आता ठराव होणार, वस्तीचे पाणी जाणार, आणि त्यात माझ्याच तोंडाने भर घातली, असे वाटत होते.

तेवढ्यात एका म्हाताऱ्याने अधिकाऱ्याला विचारले, “साहेब, तारेचं कुंपन झाल्यावर आत जमिनीतून काई निंगालं, तं ते कोनाचं?”

“कुंपणाच्या आतलं सगळं सरकारचं,” अधिकारी सहज बोलून गेला.

पाटलांनी घसा खाकरून आणखी विचार करायला वेळ मागितला. ठराव त्या दिवशी झाला नाही, पुढेही झाला नाही. आपले म्हणणे पटले असे समजून साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले. खरे कारण मी त्यांना सांगितले नाही. ते गेल्यावरही कित्येक महिने गायरानात नवे खड्डे दिसत. झिरा मात्र पाझरत राहिला.

त्यांनी हे का केले, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कोणासाठी? त्यांना काय मिळाले? वस्तीत कोणी म्हणे, पाटलांनीच विहीर वाचवायला त्यांना आणले. मीही हो म्हणायचो नाही, नाहीही म्हणायचो नाही.

आता मी एम.एस्सी.ला आहे. गेल्या महिन्यात आमच्या विभागाच्या सरांनी व्हरांड्यात थांबवून त्यांची खबर सांगितली. साहेब खरेच निवडून आले होते. विधानसभेत एक मुदत भांडून त्यांनी ते जंगल राखीव करून घेतले. तोड थांबली. तेव्हा त्यांच्या गावात बोलवा उठली की दुसऱ्या गिरणीवाल्याने त्यांना फोडले आहे. यंदा ते पुन्हा उभे राहिले आणि पडले. सर्वांत कमी मते त्यांना त्यांच्याच गावात मिळाली.