उलटा खांब

खांब मी उलटा उभा केला. मिस्त्री जेवायला गेला होता, दोन मजूर रिकामे बसले होते, आणि माझ्या अंगात इंजिनिअर शिरला होता. सागवानी खांब दगडी तळखड्यावर ताठ उभा राहिला, तेव्हा मी मिशीवरून हातसुद्धा फिरवला.

पेडगावजवळच्या त्या शेतात आम्ही चार कुटुंबं मिळून घर बांधत होतो. प्रत्येकाच्या घरात वयानं मोठं झालेलं, पण सांभाळावं लागणारं एकेक लेकरू होतं. आमच्याकडचं लेकरू म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय चाळीस. बोलतो मोजकं, समजतं सावकाश. आमच्यामागं त्याचं कसं, हा घोर होता. म्हणून या चौघा लेकरांनी एकत्र राहावं, देखभालीला एक मावशी असावी, असं ठरलं. पिंगळी गावात एक जुनं माळवद, म्हणजे मातीच्या धाब्याचं घर, उतरवलं होतं. त्याचेच खांब-तुळया आणून सांगाडा उभारायचा, भिंती मातीच्या. सिमेंट कमी, उन्हाळ्यात गारवा.

भाऊ दोन महिने मिस्त्रीच्या हाताखाली लाकडं घासत, तेल लावत होता. माझा खांब बघून तो मान हलवायला लागला. “उलटं,” म्हणाला.

“गप बस रे,” मी म्हणालो.

मिस्त्री हात पुसत आला अन् त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “सर, खांबाला शीर्षासन करायला लावलंय की! झाड जसं उभं व्हतं तसाच खांब उभा करावा लागतो. बुडखा खाली, शेंडा वर. शाळेत काय शिकवता तुमी?”

“जीवशास्त्र,” मी म्हणालो.

मजूर बराच वेळ हसत होते. भावाला गाठींवरून शेंडा ओळखता येत होता. खांब फिरवून बसवताना मिस्त्रीनं त्यालाच विचारलं, “आता बराबर हाय का, दादा?” भावानं हात फिरवून पाहिला आणि मान डोलावली. मी शिकवलेल्या कुणाचाही निकाल ऐकताना माझी छाती इतकी फुगली नव्हती.

तरी खरी परीक्षा पुढंच होती. आम्हाला सोडून तो कधी कुठं राहिलाच नव्हता. घर पुरं झालं, तो राहायला गेला, त्यानंतरच्या रविवारी मी आणि बायको रिकामी पिशवी घेऊनच गेलो. रडत असेल तर कपडे भरून परत आणायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

त्यानं दारात “या” म्हटलं. सतरंजी अंथरली. दोन्ही हातांनी पाण्याचे तांबे आणले. आपली खोली, आपली खुंटी, आपला टॉवेल दाखवला. मी हळूच विचारलं, “घरी येतोस का?”

“हेच,” तो म्हणाला.

मग घड्याळाकडं बघून त्यानं आमच्या चपला उंबऱ्याबाहेर सरळ मांडून ठेवल्या. यष्टीची वेळ झाली होती.

फाट्याकडं चालताना मी दोनदा मागं वळून पाहिलं. बायकोनं पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

“डोळे पुसा, लोक बघायलेत. अन् पुढच्या रविवारी आधी फोन करून यायचं. भावजींना बरं पडंल का, ते विचारून.”