रेडिएटरवरचा नमस्कार

दादा सोसायटीवर बिनविरोध निवडून आला, म्हणजे दुसऱ्या कोणी फॉर्मच भरला नाही. तरी आमच्या जुन्या व्हॅनच्या तोंडावर त्याचा हात जोडलेला भलामोठा फ्लेक्स चढला आणि निंबोल्याहून मिरवणूक निघाली, माणसांच्या चालीने. बुऱ्हाणपूर जवळ आलं तेव्हा पुढच्या सीटखालून वाफ यायला लागली.

ढकलत तापीच्या राजघाटाजवळच्या गॅरेजात नेली. इंजिन सीटखालीच, म्हणून मिस्त्रीने, म्हणजे आमच्या उस्तादने, आधी सीट काढून कडुनिंबाखाली ठेवली. गाडीतून उतरलेली आई जाऊन तिच्यावर बसली. तिच्या गुडघ्यांसाठी वेल्डिंग करून घेतलेली खालची पायरी फक्त याच गाडीला आहे. दर सोमवारी ती तापीवर जाते ती याच सीटवरून. इंजिन गेलं तर गाडी भंगारात, आणि आईची नदी बंद.

"गरम इंजिनावर पाणी ओतलं का?" उस्तादने विचारलं.

"ओतणार होतो," दादा म्हणाला, "पण माझं भाषण चालू होतं."

"भाषणाने वाचवलं. नाहीतर इंजिनचं हेड तडकलं असतं."

भाषण कोणाच्या उपयोगी पडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

इंजिन निवल्यावर उस्तादने ऑइलचं झाकण उघडलं. आत दुधाळ चहासारखा फेस. "पाणी ऑइल में आ गया. हेड के नीचे की गॅस्केट गई."

फ्लेक्स जमिनीवर पसरून, हेड खोलत तो एकेक नट फोटोतल्या दादाच्या कपाळावर मांडत गेला. दुपार हळूहळू पातळ होत होती. नदीवरून वारा आला, आणि आई डोळे मिटूनच म्हणाली, "पोहोचलो का रे?"

उस्तादने हेडवर लोखंडी पट्टी आडवी धरली आणि ते उन्हाकडे उचललं. आम्ही तिघे वाकलो. पट्टीखाली उजेडाची एक रेघ, केसाएवढी. इतका बारीक उजेड मी कधी इतका वेळ पाहिला नव्हता.

"थोडं वाकलंय. मशीनवर घासून सरळ होईल. सिलिंडर साफ है."

"सोमवारपर्यंत?"

"हो जाएगा. पण दादा, पुढे रेडिएटरवर काही बांधू नका. तुम्हीच हवा अडवून उभे होते."

"मग मागे बांधू?"

"बांधा ना. किसने रोका!"

सोमवारी आई पायरीवर पाय ठेवून चढली, सीटवर बसली आणि राजघाट आल्यावर त्याच पायरीवरून नदीकडे उतरली. फ्लेक्स न्यायला दादा विसरला. तो गॅरेजातच पसरलेला असतो, दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट कपाळावर घेऊन, हात जोडून.