घुमणारी खोली

लेकीबरोबर माइक घ्यायला मी गेले, कारण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. ह्यांना जाऊन काही महिने झाले होते. लोक म्हणायचे, बाई धीराची, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. धीर कसला! दात काढायच्या आधी सुई मारतात आणि गाल आपला वाटेनासा होतो ना, तसं माझं सगळंच झालं होतं. कुणी चहा दिला की प्यायचा, कुणी चल म्हटलं की चपला घालायच्या.

लेक रॅप करते. आमच्या लालबागच्या चाळीत अजून निम्म्या लोकांना वाटतं की ती घरात कुणाशी तरी भांडतेय. तिच्या ओळींत बापाबद्दल काही नव्हतं. सामाईक नळावरची रांग आणि तिथली वशिलेबाजी, असला विषय. शीव कोळीवाड्याची चार पोरं मिळून एक गाणं करत होती. तिने घरी रेकॉर्ड केलेला एक तुकडा त्यांनी ऐकला आणि त्या गाण्यात तिला सोळा ओळींची जागा दिली. तो तुकडा ह्यांच्या आजारपणातला. हे खाटेवर पडलेले आणि ही खिडकीशी माइक लावून उभी. कुणी स्वतःहून तिला बोलावलं ते पहिल्यांदाच. ऑफिसातून आली की दुसरा विषय नसायचा.

मग हे गेले. त्यानंतर तोच माइक, तीच खिडकी, आणि तिने नव्या ओळी पाठवल्या तर पोरांनी परत केल्या. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतंय म्हणाले.

"आई, माइक गेला वाटतं," ती म्हणाली. "रविवारपर्यंत क्लीन नाही दिलं ना, तर ते दुसऱ्या मुलीला घेणारेत."

"मग नवीन घे," मी म्हटलं.

हे असते तर आधी तासभर उलटतपासणी झाली असती. जुना दुरुस्त होत नाही का, गॅरंटी किती, अमक्याच्या मुलाने कुठला घेतला. मला चौकशी करायचाही कंटाळा होता.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ती लग्नाचा बस्ता काढल्यासारखी रमली. दुकानदाराने विचारलं, घर कसलं? चाळीतली खोली म्हटल्यावर त्याने एक उभा, देखणा माइक बाजूला सारला. "कंडेन्सर नका घेऊ. शेजारचा कुकरपण उचलतो तो. डायनॅमिक घ्या, तोंडाजवळ धरायचा, बाजूचं कमी येतं." मग माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये जोडायची पेटी, स्टँड, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. तिने दोन हेडफोन आळीपाळीने माझ्या कानांवर चढवले आणि विचारलं, कुठला बरा? दोन्ही बरे, मी म्हटलं. मला फरक कळला नाही. कळला असता तरी त्याचं काही वाटलं नसतं.

घरी येऊन सगळं जोडलं. आवाज घुमायचा थोडा कमी झाला, पण गेला नाही. हळू बोललं की ठीक, पण रॅप काही हळू बोलून होत नाही. तिने जोर लावला की खोली उलट बोलायची. माइक खिडकीपासून दाराशी नेला, दारापासून मोरीशी. मी कोथिंबीर निवडत बघत होते. शेवटी ती जमिनीवर बसली आणि हेडफोन गळ्यात सोडले.

"माइकला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "माझा आवाजच फालतू असेल. देते कळवून त्यांना."

मला राग आला. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. "आण इकडे," मी म्हटलं आणि हेडफोन चढवले. "वाजव टाळी."

तिने टाळी वाजवली. तिच्या मागोमाग आणखी एक आली, पातळ, पत्र्यावर वाजल्यासारखी. भाड्याने घ्यायची रिकामी खोली बघायला गेलं की बोलताना ऐकू येतं, तसलं. मी आवाज कुठून येतोय ते बघितलं. समोरच्या भिंतीला नुसत्या खुंट्या होत्या.

त्या भिंतीला ह्यांची खाट होती. तिच्यावर कापसाची जाड गादी, पायाशी दोन गोधड्या, वर खुंट्यांना शर्ट, लुंग्या, स्वेटर, टॉवेल. तेराव्यानंतर मी सगळं काढलं. आजारपणाची गादी घरात ठेवू नये म्हणतात. ती टाकून दिली, कपडे गावाला पाठवले, खाट भंगारवाल्याने नेली. फरशी घासून पुसली आणि काम उरकलं म्हणून मला बरंच वाटलं होतं.

"माइक चांगला आहे," मी म्हटलं. "आवाजही चांगला आहे तुझा. आवाज प्यायला घरात कापूस राहिला नाही."

ती आधी माझ्याकडे आणि मग खुंट्यांकडे बघत राहिली.

मी शेजारच्या म्हाताऱ्या वहिनींकडे गेले. गादी मागितली, तर म्हणाल्या, "कोण पावणे इले काय?"

"नाही. लेकीचं रेकॉर्डिंग आहे."

"गादीयेर झोपान गाता काय ता?"

तरी त्यांनी गादी दिली. समोरच्यांनी दोन दिल्या, पलीकडच्यांनी रजया. अर्ध्या तासात खोलीचं दुकान झालं. भिंतीला गाद्या उभ्या केल्या, खुंट्यांवर रजया टांगल्या, दारावर सतरंजी सोडली. गॅलरीतल्या सगळ्या खोल्यांतले टीव्ही बंद झाले. वहिनींनी डाळीचा कुकर नंतर लावायचं ठरवलं आणि तसं सगळ्यांना ओरडून सांगितलं.

लेक लॅपटॉपपाशी बसली. "आई, तू माइकसमोर उभी राहा. आवाजाची लेव्हल बघायचीय. काहीही बोल."

"काय बोलू?"

"अगं, काहीही. रोज बोलतेस तसं."

मी माइकपाशी तोंड नेलं. समोर भिंतीला गादी होती, वर रजई लोंबत होती. खोली पूर्वीसारखी मऊ, भरलेली वाटत होती. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, "अहो, उठताय का? गोळी घ्यायचीय."

लेकीचा हात पेटीच्या बटणावर तसाच राहिला. तिने मान वर केली नाही.

"लेव्हल बरोबर आहे," ती म्हणाली. "एकदम क्लीन."

मी सतरंजी बाजूला करून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत तिने सुरू केलं. नळ, रांग, वशिला, सगळं धडाधड. मी गॅलरीत खाली बसले आणि मला रडू फुटलं. पोटातून, आवरेना असं. पण आत रेकॉर्डिंग चालू होतं. म्हणून ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि तिच्या सोळा ओळी संपेपर्यंत आवाज न करता रडले. वहिनी शेजारी येऊन बसल्या.

पोरांनी तो टेक गाण्यात ठेवला. मी पुष्कळदा कान देऊन ऐकलाय. माझा हुंदका त्यात कुठेही आलेला नाही.