आधी कोरडं, मग खोबरेल

सकाळची पाळी नसली की मामा चाळीच्या गॅलरीत, ऊन पडेल तिथे बसायचे, धोतर गुडघ्यावर घ्यायचे आणि दोन्ही पायांची बोटं फाकवून उन्हात धरायचे. प्रत्येक बेचक्यात जुन्या धोतराच्या चिंधीची वळी, शेजारी खोबरेल तेलाची बाटली. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यांचे पाय ओलांडून जायचं. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "कपडे सुकवतास, मासळी-सुंगटा सुकवतास, मगे माझ्या पायांनी काय केल्यानी?"

असा एखादा माणूस तुमच्याही चाळीत असेल. आमच्याकडे हे होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. लालबागच्या त्याच चाळीतल्या आमच्या खानावळीत ते सगळ्यांचे मामा. गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते, म्हणजे उभा जन्म ओल्या जमिनीवर. त्या खात्यातल्या माणसांच्या पायांना चिखल्या ठरलेल्याच.

मी चौथीतून शाळा सोडून मालवणाकडून आलेली. वडील गेल्यावर काकांच्या ओसरीवर आम्ही मायलेकी नकोशा झालो होतो, म्हणून आईने मला बोटीत बसवून खानावळवाल्या बाईंकडे धाडलं. भांडी घासायची, तांदूळ धुवायचे, मासळी साफ करायची, आणि दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापायच्या. हात पाण्यातून बाहेर येतच नसत. काम चुकलं तर परत पाठवतील, या धास्तीने मी ते येऊही देत नसे.

थंडीत माझ्या बोटांच्या बेचक्यांत पांढरं झालं. कातडी सुटायला लागली, खाली लालभडक, आणि खाज अशी की मीठ लागलं की डोळ्यांत पाणी. मी पदराखाली हात लपवून वाढायची. मामांनी एकदा आमटी घेताना वाटीऐवजी माझ्या बोटांकडे बघितलं.

"आमच्या पायांक जा होता, ताच तुझ्या हातांक झालाहा," ते हळूच म्हणाले. जेवण झाल्यावर बाटलीतलं थोडं तेल एका शिशीत ओतून दिलं. "आधी सुकव, मगे तेल. इसरा नको."

मी नेमकं तेच विसरले. कुणीतरी आपलं म्हणून काही दिलं याचाच मला इतका आनंद, की मी ते तेल दिवसभर चोपडत राहिले. भांडी घासली की तेल, तांदूळ धुतले की तेल, ओल्या हातावरच, आणि वर चिंधी घट्ट बांधून. त्याच हाताने भाकऱ्या. दोन दिवसांत हात सुजले, आणि पंगतीत एक सातारकर होते, त्यांनी भाकरी नाकाशी नेली.

"बाई, आज भाकरीला डोक्याचा वास येतोय की!"

"डोक्याचो?" पलीकडून एक वेंगुर्लेकर उसळले. "अरे, आम्ही त्या तेलात मासे तळतो!"

"तुम्ही तळा. आम्ही केसाला लावतो. भाकरीतनं केस विंचरल्यागत वाटतंय."

पंगत हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझे हात उजेडात धरले, चिंधी सोडली, आणि सगळ्यांनी बघितलं. हसणं थांबलं. एकाने ताटातली भाकरी बाजूला सरकवली. मग दुसऱ्याने.

बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं पोट त्या पंगतीवर होतं. "पावसाळ्याला बोटी बंद व्हायच्या आत हिला गावी पाठवते," त्या म्हणाल्या. "असल्या हातची भाकरी कोण खाईल?"

मामा जेवता जेवता उठले. तसं कुणी उठत नाही.

"हिच्या हातांक पाणी नको, बस. बाकी आपसूक होता. आपापली ताटा आपण इसळूया." कुणी हललं नाही. तेव्हा मामा त्या सातारकरांकडे वळून म्हणाले, "काल सभेत घसो बसासर वराडलात ना, मराठी माणूस एक? मगे सातारा नि मालवण आधी ह्या मोरीर एक करून दाखवा!"

आयुष्यात ज्यांनी स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं, असे बाप्ये मोरीपाशी रांगेत उभे राहिले. कुणी राख सांडली, कुणी धोतर भिजवलं. सातारकर ताट घासताना पुटपुटत होते, "राज्य मिळायचं तवा मिळंल, बायकोला कळलं तर माझं काय खरं न्हाई."

बाईंनी मला पाठवायचं थांबवलं, भाकऱ्या स्वतः थापायला घेतल्या आणि मला पालिकेच्या दवाखान्यातही नेलं. डॉक्टर म्हणाले, ही बुरशी आहे, पाव फुगवणाऱ्या खमिराच्या जातीची. ओल मिळाली की माजते. जांभळं औषध लावलं. मी भीत भीत खोबरेलाचं विचारलं. "लाव की," ते म्हणाले, "हात खडखडीत कोरडे झाल्यावर. पण माझं औषध सोडायचं नाही."

मामांना त्यात कमीपणा वाटला नाही. "औषधाचा नि तेलाचा काय भांडण हा?" ते म्हणाले. मी गॅलरीत त्यांच्याशेजारी बसू लागले. हात उन्हात, बोटं फाकवलेली. ते दर थोड्या वेळाने विचारत, "सुकले काय गो?" मग दोन थेंब, बेचक्यात जिरेपर्यंत. तेलाने कातडी मऊ राहायची, चिरायची नाही, हे मी अंगावरून सांगते. बुरशी कुणी मारली, औषधाने, तेलाने की मोरीवरच्या रांगेने, ते मला सांगता येणार नाही. पण होळीपर्यंत हात स्वच्छ झाले.

मामांचे पाय तसेच होते. मी एकदा विचारलं, "मामा, तुमचं का बरं होत नाही?"

"तुझा पाणी आम्ही बंद केला," ते हसले. "माझा कोण करतलो? गिरण?"

उन्हाळ्यात त्यांनी गिरण सोडली, गावी परतायचं ठरवलं. उभं राहवत नव्हतं. आणि बाईंनीही ठरवलं: हात बरे झाले तरी पंगत माझी भाकरी घ्यायला बिचकत होती, नुसतं भाजी निवडायला माणूस पोसणं परवडत नव्हतं. मामांची सोबत आहे, त्याच बोटीने पोरीला पाठवू. मी बोचकं बांधलं. काकांची ओसरी डोळ्यांपुढून हलेना.

निघायच्या दिवशी मामा बाईंना म्हणाले, "वाटेक भाकऱ्यो हव्यो. पण थापायच्यो हिनाच."

मी थापल्या. भाकऱ्या गोल आल्या.

भाऊच्या धक्क्यावर बाई आल्या होत्या, मामांची ट्रंक घेऊन सातारकर आणि खानावळीतले आणखी चौघे आले होते. बोट लागलेली. मामांनी तिथेच, सगळ्यांच्या देखत, भाकऱ्यांचं फडकं सोडलं. नुसती कोरडी भाकरी मोडली आणि उभ्याउभ्या चावायला लागले. सावकाश, जणू बोट त्यांच्यासाठी थांबणार होती.

सातारकरांनी ट्रंक खाली ठेवली, धोतराला हात पुसला आणि तो पुढे केला.

"द्या की चतकोर, मामा."

मामांनी त्यांना अख्खी दिली. मग बाकीच्यांनीही हात पुढे केले. वाटेसाठी एकच उरली, ती त्यांनी फडक्यात बांधली आणि फळीवरून जपून पावलं टाकत बोटीवर चढले. मी मागोमाग जायला बोचकं उचललं, तर ते जडच लागलं. मागून बाईंनी धरलं होतं.

"आण ते इकडे," त्या म्हणाल्या. "आता घरी चल. संध्याकाळच्या भाकऱ्या कोण थापणार?"