जर्मन स्टेशन, मुक्काम जऊळका

"फलाट झाला की गाडी घेऊन जऊळक्याला येतो," असं माझा नवरा सुधाकर दर दिवाळीला गावी राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, फोनवर सांगायचा. गाडी म्हणजे मॉडेल रेल्वे. नोकरीत असताना कंपनीने त्याला वर्षभर जर्मनीला पाठवलं होतं. तिथल्या डोंगराळ भागातलं एक लहानसं स्टेशन त्याच्या मनात बसलं. निवृत्त झाल्यावर त्याने दोन लाकडी बोर्डांवर रूळ बसवले, वायरिंग केलं, आणि तिकडून आणलेलं इंजिन तीन डबे घेऊन गोल फिरू लागलं. डोंगर, झाडं, घरं आणि फलाट राहिले. मागच्या वर्षी सुधाकर गेला. गाडी चालू होती, पण तिला थांबायला जागा नव्हती.

ताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला. गुडघ्यांमुळे त्यांना शेवटचं आमच्याकडे नाशिकला येता आलं नाही. तेव्हा फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी राहूनच गेली वं, माधवी." त्यानंतर त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही दोघी हवापाण्याचं बोलायचो. या जानेवारीत मी ठरवलं की फलाट बांधायचा आणि गाडी त्यांना दाखवायची.

अडचण एकच होती. मी बँकेत काम केलेली बाई. कात्रीने पुठ्ठा सरळ कापता येत नाही. म्हणून वाशीमला रशीदभाईंना फोन लावला. ते सुधाकरचे जऊळक्याच्या शाळेतले मित्र, मोहरमचे ताजिये बनवतात. बांबूच्या कामट्या, कागद आणि खळ यांतून उंच मनोरे उभे करणारा माणूस.

"भाभी, बोर्ड घेऊन या," ते म्हणाले. "जर्मनी आपण वाशीमलेच बनवू."

नाशिक ते वाशीम

ज्यांना असं काही नाजूक सामान न्यायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. कारची मागची सीट पाडून खाली गादी घातली, त्यावर एक बोर्ड, मग गोधडी, मग दुसरा बोर्ड. इंजिन आणि डबे धान्याच्या डब्यात, तांदळात पुरून. हा सुधाकरचा उपाय, आणि तो चालतो. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागले आणि मालेगावला उतरले. मालेगाव म्हणजे वाशीमचं, नाशिकचं नव्हे. नकाशात नीट बघा. पेट्रोल आधी भरून घ्या आणि डबा सोबत ठेवा, कारण महामार्गावर भूक लागेल तिथे हॉटेल मिळेलच असं नाही. रस्ता इतका सरळ आहे की झोप येते. मी एकटीच चालवत होते, म्हणून मोठ्याने पाढे म्हटले.

मालेगावहून वाशीमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तूर कापून उभी केलेली होती. कापूस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे हळूहळू जावं लागलं. बोर्डांच्या काळजीने मला ते बरंच वाटलं. बसस्टँडजवळच्या साध्या लॉजवर खोली घेतली. स्वच्छ होती, सकाळी गरम पाणी मिळालं, आणि खिशाला जड नव्हती.

वाशीम: डोंगर आणि घरं

सकाळी तर्रीपोहे खाऊन रशीदभाईंच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. छताला गेल्या वर्षीच्या ताजियाचा घुमट टांगलेला होता. त्यांनी बोर्डाभोवती दोन चकरा मारल्या आणि सुधाकरने जर्मनीहून आणलेला त्या स्टेशनचा फोटो हातात घेतला. पांढऱ्या भिंती, त्यावर काळ्या लाकडांच्या उभ्याआडव्या पट्ट्या, उतरतं छप्पर, मागे झाडांनी भरलेला डोंगर.

"हे तं आपलंच काम आहे," ते म्हणाले. "कामट्यायचा सांगाडा, वरून कागद. जर्मन लोकायनं सांगाडा बाहेर ठेवला, बस."

घरांचं काम त्यांनी झपाट्याने उरकलं. मला खळ शिजवायला बसवलं. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे उंदीर आणि किडे लागत नाहीत. ते विषारी असतं, म्हणून भांडं वेगळं ठेवायचं आणि हात लगेच धुवायचे. डोंगरासाठी मी लाकडाचा मोठा ओंडका सुचवला, तर ते हसले.

"ताजिया खांद्यावर चालते, भाभी. जे उचलता येत नाही ते आमी बनवतच नाही."

मग गाडीसाठी बोगदा सोडून कामट्यांची जाळी, त्यावर वर्तमानपत्राचे थर. वाळल्यावर डोंगर मी दोन बोटांनी उचलला. गवतासाठी आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा आणून हिरव्या रंगात घोळवला. झाडं वाळलेल्या दोडक्याच्या जाळीची. जाळी शंकूसारखी कातरायची, गडद हिरव्या रंगात बुडवायची आणि काडीवर खोचायची. हे काम मला जमलं. सुरुवातीची झाडं वाकडी झाली, ती डोंगराच्या मागे लावली. पुढची पाहून रशीदभाई म्हणाले, "आता भाभीले मोहरमचं आमंत्रण. यंदाच्या ताजियाची झाडं तुमाले."

दुपारी समोरच्या किराणा दुकानातले सुगनकाका आले. जैन माणूस, दुकान मुलाच्या हाती सोपवून दिवसभर इकडे सल्ले द्यायचे. पुठ्ठा त्यांच्याच खोक्यांचा होता, त्यामुळे त्यांना तो हक्कही होता.

"डोंगर झाला, जंगल झालं. च्याचं दुकान कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"जर्मनीत आहे हे, काका," मी म्हटलं.

"मंग लोकं गाडीची वाट कशी पाह्यतात?"

फलाट

फलाट मात्र आम्ही तिघांनी मिळून चुकवला. तो किती उंच हवा यावर कुणाचंही दुमत नव्हतं. फलाट डब्याच्या दाराला लागला पाहिजे, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. "म्हाताऱ्या माणसानं चढावं कसं नाही तं?" सुगनकाका म्हणाले. रशीदभाईंनी कामट्यांचा पक्का चौथरा बांधला, वर पुठ्ठा, कडेला पिवळा पट्टा, दोन्ही टोकांना उतार. बघत राहावा असा फलाट झाला.

दुसऱ्या दिवशी खळ वाळल्यावर चाचणी घेतली. शेजारपाजारचे जमले होते. मी कंट्रोलरचं बटण फिरवलं. इंजिन ऐटीत बोगद्यातून आलं, फलाटाला लागलं, आणि खट्ट आवाज करून पहिला डबा आडवा झाला. मागचे दोन त्यावर चढले.

"जर्मनीत असे अपघात होत नाहीत म्हणे," सुगनकाका म्हणाले.

"फलाट तुमीच उंच करायले लावला!" रशीदभाई म्हणाले.

"मी म्हाताऱ्यासाठी म्हणलं. इंजिनासाठी नाही."

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. इंजिन हातात घेऊन एकेक चाक फिरवून पाहिलं. एक चाक वाकलं असतं तर वाशीममध्ये ते कुठून आणायचं? ताईंना मी काय दाखवणार होते? नशिबाने चाकं धड होती. डबा उलटा करून पाहिला तेव्हा कळलं की दाराखाली बाहेर आलेल्या दोन पायऱ्या आहेत, आणि त्याच फलाटाच्या कडेला अडकल्या होत्या. दाराला पायऱ्या कशाला? फोटो पुन्हा हातात घेतला. इतकी वर्षं घरी भिंतीवर असलेला फोटो. त्यात एक बाई डब्यात चढते आहे, तिचा एक पाय वर आहे, आणि फलाट जवळजवळ जमिनीलाच टेकलेला आहे. आम्ही तो फोटो घरं आणि झाडं बघायला वापरला होता. फलाट कुणी पाहिलाच नव्हता.

रशीदभाईंनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं. मग करवतीचं पातं घेतलं आणि स्वतःचा तो सुंदर चौथरा तळापासून कापून काढला. "ताजियाबी आमी शेवटी पाण्यात ठंडा करतोच, भाभी. बनवलेलं मोडायची आदत आहे," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत नवा, बुटका फलाट तयार झाला. त्यावर सुधाकरने आणलेली नखाएवढी माणसं मी चिमट्याने चिकटवली. गाडी आली, पायऱ्या कडेवरून अलगद सरकल्या, आणि गाडी थांबली. शेडमध्ये टाळ्या पडल्या. सुगनकाकांनी सगळ्यांना पेढे वाटले, स्वतःच्या दुकानातले.

स्टेशनच्या पाटीवर नाव नव्हतं. सुधाकरने ते कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. रशीदभाई ब्रश घेऊन थांबले होते. मी म्हटलं, ताईंना विचारू.

जऊळका

वाशीमहून मालेगाव आणि तिथून जऊळका. रशीदभाई मागे बोर्डांशेजारी अंग चोरून बसले होते आणि प्रत्येक गतिरोधकाला "आहिस्ता, भाभी" म्हणत होते. डोंगराला तडाही गेला नाही. ताईंच्या घरात बोर्ड दोन खाटांवर जोडले. आधी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि बेसनाच्या पातोडीचा रस्सा झाला. "जर्मनी पळून नाही जाऊन राह्यली, जेवा पह्यले," ताई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर त्या खुर्ची ओढून बोर्डाजवळ बसल्या. डोंगर पाहिला, झाडांना बोट लावलं. मग फलाटावर नजर थांबली.

"हा एवढा खाली काहून?"

"तिकडे तसाच असतो, ताई." मी फोटो पुढे केला.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "मले सांगे तो, तिकडचा फलाट आपल्यासारखा आहे. मी म्हणो, थापा मारून राह्यला." मग त्या रशीदभाईंकडे वळल्या. "छोटी लाईन होती तवा आपला फलाट असाच होता न रे? मी त्याले खालून उचलो आन् डब्यात ठेवो. मंग मी चढो."

"हाव, ताई. असाच होता," रशीदभाई म्हणाले.

इतक्या वर्षांत सुधाकरने मला हे कधी सांगितलं नव्हतं. कंट्रोलर ताईंच्या हातात दिला आणि बटण कसं फिरवायचं ते दाखवलं. पहिल्या खेपेला गाडी फलाट सोडून पुढे निघून गेली.

"अवं, थांबली नाही! उतरनारे राह्यले न!"

दुसऱ्या खेपेला अलीकडेच थांबली. "सिग्नल नसन," रशीदभाई म्हणाले. ताईंनी त्यांना गप्प बसवलं आणि त्या पुढे झुकल्या. तिसऱ्या खेपेला गाडी बोगद्यातून आली, हळू झाली, आणि डब्याचं दार बरोबर फलाटासमोर येऊन थांबलं.

ताई त्या दाराकडे बघत राहिल्या. "उतर रे सुधा," त्या म्हणाल्या. "आलं गाव."

वर्षभरानंतर त्यांच्या तोंडून त्याचं नाव ऐकत होते. मग त्या रडल्या, मीही रडले, आणि रशीदभाई बाहेर जाऊन उगाच कारची काच पुसत बसले. थोड्या वेळाने ताईंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा बटण फिरवलं. गल्लीतली माणसं दारात जमू लागली होती. पाटीवर काय लिहायचं, मी विचारलं.

"काही नको. ज्याले उतरायचं त्याले माहीत असते."

परत नाशिक

बोर्ड तिथेच ठेवले. येताना मागची सीट उघडून बसवली. तिच्या फटीत अजून हिरवा भुसा आहे. मी तो काढलेला नाही. कुणी जऊळक्याच्या बाजूला गेलात तर स्टेशनवर जरा उतरा. समोरच्या गल्लीत जर्मन गाडी कुठे म्हणून विचारा, कुणीही घर दाखवील. चहा मिळेल, पण बटणाला हात लावायला मिळेल याची खात्री देत नाही.

घरात भिंतीला टेकून बोर्ड उभे असायचे तिथे रंगाचा फिका चौकोन दिसतो. आधी वाटलं होतं, तो बघवणार नाही. आता त्या जागी तो फोटो लावला आहे, आणि जाता-येता त्या बाईचा वर उचललेला पाय बघते.

ताईंशी बोलायला आता हवापाणी लागत नाही. काल सकाळी त्यांचाच फोन आला.

"माधवी, लाईट नाही वं सकाळपासून. आज गाडी लेट आहे."

"किती लेट?"

"काय माहीत. सुधाले सांगतलं, बस गाडीतच."