'हळद' म्हटलं की थांबायचं ठरलं होतं

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

सांगलीत फक्त बायकांसाठी फेटिश आणि बीडीएसएमचा, म्हणजे राजीखुशीनं बांधून घ्यायच्या, मालक-दासीच्या खेळांचा क्लब सुरू झालाय. आज पलूसहून पहिल्यांदाच गेले. घटस्फोटानंतर मला स्वतःची आवड मोठ्यानं बोलायला एक जागा हवी होती.

सुरुवात लय भारी झाली. क्लब चालवणाऱ्या ताईंनी माझ्या मनगटाला दोरी बांधून दाखवली आणि नियम सांगितला, "'हळद' म्हटलं की हात तिथंच थांबला पाहिजे. का म्हणून विचारायचं न्हाई." मी हळूच 'हळद' म्हणून बघितलं. दोरी लगेच सुटली. खरं सांगते, डोळे भरून आले.

मग चहा आला आणि ताई म्हणाल्या, "चला, आता ओळख. परत्येकीनं मालकांचं नाव घ्यायचं."

मला वाटलं, खेळातला मालक म्हणतायत. पण बायका लाजत लाजत उखाण्यात नवऱ्यांची नावं घ्यायला लागल्या. गळ्यात चामड्याचा पट्टा घातलेलीसुद्धा.

माझी पाळी आली. म्हटलं, माझा घटस्फोट झालाय, मी नाव घेणार नाही.

"आवं, घ्या की. जुनंच घ्या," ताई म्हणाल्या. सगळ्या टाळ्या वाजवून आग्रह करायला लागल्या.

मी म्हणाले, "हळद."

खोलीभर हशा. ताई म्हणाल्या, "आवं, त्यो शब्द दोरीसाठी हाय."

चहा तसाच ठेवून निघाले. मनगटावरचा वळ एसटीतच गेला. आता तुम्हीच सांगा, आज मला नक्की कधी बांधलं होतं?